ढाक मारायची नाही

"पोरींना ह्यातलं कळता कामा न्हाई," आबा म्हणाले.

हॉलच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी मी माझं ज्युदोचं घामेजलेलं जॅकेट पिळत होते आणि टाकीच्या पलीकडून हा आवाज आला. आबांचा आवाज ओळखायला मला चेहऱ्याची गरज नव्हती. शाळकरी वयापासून त्या आवाजावर मी उठत आले होते आणि पडत आले होते. पण ते एवढ्या मोठ्यानं का बोलत होते, ते कळेना. गुपित सांगायचं आणि वर ओरडून सांगायचं, ही कुठली पद्धत?

"माझ्याकडनं न्हाई कळायचं," दुसरा माणूस म्हणाला. "आणि ढाक?"

"ढाकेचं मी बघतो. तू तुझ्या पोरीचं बघ."

"तुझी ऐकंल?"

"ऐकंल. माझ्या शब्दाबाहेर न्हाई ती."

ढाक म्हणजे माझा हुकमी डाव, आणि 'ती' म्हणजे मी. मी टाकीच्या कडेनं डोकावले. आबांसमोर सखाराम भिवाजी उभा होता. मॉरिशसच्या मुलींचा प्रशिक्षक. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत जी माझ्यासमोर येणार होती ती देवकी त्याचीच शिष्य. त्याच सकाळी वजनाच्या वेळी संयोजकांनी या दोघांची ओळख करून दिली, तेव्हा आबांनी परक्याला करावा तसा कोरडा नमस्कार केला होता आणि त्यानं 'गुड मॉर्निंग' म्हणून मान हलवली होती. आता तोच माणूस आमच्या गडहिंग्लजच्या बाजारात खपून जाईल अशा मराठीत बोलत होता. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत हे ठाऊक होतं. विमानतळावर तिथल्या मंडळाच्या बायकांनी आम्हाला ओवाळलंही होतं. पण त्यांची मराठी वेगळी, कोकणी वळणाची. 'ऐकंल' म्हणणारा माणूस तिथं कुठून आला?

मी पाय न वाजवता मागे सरले.

आज इतक्या वर्षांनी हे लिहितेय, कारण परवा एका तरुणाचा पुण्याहून फोन आला. हिंद महासागर चषक या ज्युदो स्पर्धेचा इतिहास लिहायला घेतलाय म्हणे, स्मरणिका काढणार आहेत. सुरुवातीला गोड गोड बोलला आणि मग हळूच म्हणाला, "मॅडम, त्र्याण्णव सालची तुमची ती फायनल... जुने लोक वेगळंच सांगतात. ती खरी होती का हो?" फोनवर सांगण्यासारखं नाही, घरी या, म्हटलं. अजून आलेला नाही. येईल तेव्हा येईल, मी माझं लिहून ठेवते.

आबा म्हणजे रंगराव शिंत्रे. मूळचे मातीतले पैलवान, कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. गावात परत आल्यावर त्यांना मुलींना कुस्ती शिकवायची होती, पण पोरींना लांग-लंगोट चढवून मातीत उतरवायला आमचं गाव तयार होतं थोडंच! मग आबांनी हायस्कूलच्या हॉलमध्ये गाद्या टाकून ज्युदोचा वर्ग काढला. ज्युदोत मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकलेलं असतं, एवढ्या एका मुद्द्यावर आमच्या आया तयार झाल्या. भिंतीवर जपानी नावांचा तक्ता लावलेला होता. आबा त्याच्याकडे पाठ करून शिकवायचे ढाक, टांग आणि कलाजंग हे कुस्तीतले डाव.

तालमीचे नियमही त्यांनी गादीवर आणले होते. त्यातला सगळ्यात कडक नियम, एका वस्तादाच्या हाताखालच्या दोघांनी लोकांसमोर एकमेकांवर हात टाकायचा नाही. सरावात काय ते करा, मैदानात भाऊ म्हणजे भाऊ. माझी मैत्रीण कमल माझ्याच वजनातली. जिल्ह्याला आम्ही दोघी समोरासमोर यायची वेळ आली की आबा सरळ एकीचं नाव काढून घ्यायचे. परीक्षक कपाळावर हात मारायचे, पण आबा काही ऐकायचे नाहीत.

आणि त्यांच्या नावाला एक डाग होता. तरुणपणी चिकोडीकडच्या एका जत्रेत त्यांची कुणा परदेशी पैलवानाशी कुस्ती लागली होती. फलकावर नाव होतं 'आफ्रिकेचा वाघ'. दोघं नुसते हातात हात घेऊन उभे राहिले, दिवस मावळला तरी एकानंही डाव टाकला नाही. ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा म्हणतात. लोकांनी नुरा नुरा म्हणून दगड मारले आणि आबांची कुस्ती त्या दिवशी संपली. त्याबद्दल ते कधीही बोलत नसत. सातवीत असताना एका पोरानं मला 'नुरा रंगाची चेली' म्हटलं, तेव्हा मी त्याला शाळेच्या पटांगणात असा आपटला होता की त्याची आई आमच्या दारात येऊन भांडून गेली. आबांनी पैसे खाऊन कुस्ती विकली असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

टाकीपाशी ते पहिल्यांदा आलं.

माझ्यासाठी ती फायनल म्हणजे साधी फायनल नव्हती. पोलिस भरतीत खेळाडूंच्या जागा निघाल्या होत्या आणि मला त्यात बसायचं तर सुवर्णपदक लागणार होतं, रौप्यावर भागणार नव्हतं. वडील एस.टी.त कंडक्टर. त्यांनी निघताना स्वच्छ सांगितलं होतं, "वर्दी घेऊन ये, न्हाईतर ती गादी गुंडाळ. आता लग्नाला आणखी थांबायचं न्हाई." वयाची अट बघता माझी ती शेवटचीच भरती होती. आबांना हे सगळं माहीत होतं.

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या वसतिगृहाच्या पायरीवर आबांनी मला बोलावलं. समोर उसाचं रान होतं, थेट आमच्याकडचं वाटावं असं. आल्या दिवशी तो ऊस बघून मला रडू आलं होतं. आता तो नुसता ऊस होता.

"राजाक्का, उद्या एक कर."

"काय?"

"ढाक मारायची न्हाई."

येणार हे ठाऊक होतं, तरी तोंडावर ऐकल्यावर कानाखाली बसल्यासारखं झालं.

"का?"

"सांगितलं तेवढं ऐक."

"आबा, हितवर आलो ते सगळं ढाकेवर. टांगेवर ती पोरगी पडंल व्हय?"

"टांग मार, कलाजंग मार, काय वाट्टंल ते मार. ढाक सोड."

"तिच्या मास्तरानं सांगितलंय काय तुमास्नी?"

मिशीवरून फिरणारा त्यांचा हात थांबला. "कुठला मास्तर?"

"दोन-चार हाईत व्हय तिला?"

 मनात ठेवून कुढत बसणं मला तेव्हाही जमत नव्हतं आणि आजही जमत नाही. मी विचारून टाकलं.

"आबा, उद्याची कुस्ती नुरा हाय का?"

वाटलं, आता एक ठेवून देतील. दिली असती तर बरं वाटलं असतं, निदान संशय तरी फिटला असता. पण ते रागावले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"उद्या झाल्यावर तूच सांग मला," म्हणाले आणि आत गेले.

हे काय उत्तर झालं? ज्याच्या मनात पाप नाही तो सरळ 'न्हाई' म्हणतो. एवढा साधा शब्द तोंडातून निघाला नाही, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मला सगळंच संशयाचं दिसू लागलं. आबांनी चहाशिवाय कशाला हात लावला नाही. लांबच्या टेबलावर सखाराम बसला होता. कुणी बोललं की तो मान वाकडी करून उजवा गाल पुढं करायचा आणि डोळे बारीक करायचा. मला ती मान लबाड वाटली. सरळ माणूस सरळ ऐकतो. शेजारी देवकी होती. सावळी, उंच, केसांची घट्ट वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. ती पाव हातात घेऊन बसली होती, पण खात नव्हती. आपल्या गुरूकडे अशी रागानं बघत होती की जणू त्यानं तिची वेणीच कापली. मी म्हटलं, हिला काय झालं चिडायला? हिच्या तर पदरात पडणार आहे सगळं.

तेव्हाच ठरवलं. ढाक मारायची. पहिल्याच झटक्याला मारायची, आबांच्या डोळ्यांसमोर मारायची.

दुपारी आमची नावं पुकारली. हॉल गच्च भरला होता आणि सगळा आवाज देवकीच्या बाजूनं होता. गादीच्या एका कडेला खुर्चीवर आबा, दुसऱ्या कडेला सखाराम. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. इतकं ठरवून न बघणं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

पंचानं हात खाली केला. मी देवकीची उजवी बाही धरली, अंगठा आत दाबून, आबांनी शिकवला तसाच. मग डावी टाच आपटली. ती आमची हूल. टाच वाजली की समोरच्याचं वजन पुढं येतं आणि त्याच क्षणी कंबर घालायची. मी कंबर घातली. मागून आबांचा आवाज आला, "राजाक्का, नगं!"

देवकी पुढं आलीच नाही. टाच वाजल्याबरोबर तिनं बूड खाली सोडलं, मागून माझ्या कमरेला मिठी घातली आणि डावा गुडघा माझ्या मांडीखाली सरकवून मला उचललं. मी कुशीवर आपटले. पूर्ण पाठ टेकली नाही म्हणून अर्ध्या गुणावर निभावलं.

पडल्याचं मला काही वाटलं नाही. मला तो गुडघा लागला होता. ढाकेवरची ती तोड जगात कुणीही काढेल, पण डावा गुडघा मांडीखाली घालून नाही. ते फक्त आबांच्या कोल्हापूरच्या तालमीत शिकवायचे. आमच्या वर्गाबाहेर मी तो गुडघा कुठंच पाहिला नव्हता, जिल्ह्याला नाही, राज्याला नाही. आणि तो मला समुद्रापलीकडच्या मुलीनं लावला होता.

आम्ही उठलो. पुन्हा पकडी घेतल्या. तिचा चेहरा माझ्या कानाशी होता आणि तिचाही रंग उडाला होता. माझी टाच तिनंही ओळखली होती.

"तुझी तालीम कुठची?" ती पुटपुटली. जुन्या वळणाची, जपून ठेवल्यासारखी मराठी.

"तुझी कुठली?"

 उत्तर द्यायची गरज नव्हती. माझे हात तिच्या जॅकेटवर होते आणि त्यातली ताकद आपोआप निघून गेली. तिच्याही गेली. आम्ही एकमेकींची बाही धरून गोल गोल फिरत राहिलो. पंचानं थांबवून दोघींना ताकीद दिली. पुन्हा सुरू झालं, पुन्हा तेच. लोक शिट्ट्या मारायला लागले, कुणीतरी पायानं बाक बडवायला लागलं. मला वर्दी दिसत होती, वडील दिसत होते, मी अर्ध्या गुणानं मागं होते आणि तरी माझा हात उठेना. वस्तादाच्या घरातल्या बहिणीवर लोकांसमोर हात कसा टाकायचा?

पंचानं दुसऱ्यांदा ताकीद दिली. मी आबांकडे पाहिलं. ते खुर्चीवरून उठले होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू या माणसाला आत्ता कुणीतरी दगड मारतंय. समोरच्या कडेला सखारामही उठला होता. आणि दोघं एकदम ओरडले. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"कुस्ती करा गं पोरींनो! बघताय काय, कुस्ती करा!"

मॉरिशसच्या त्या हॉलमध्ये, जपानी खेळाच्या गादीवर, 'कुस्ती करा'. पंचानं दोघांकडे बोट रोखून गप्प बसायला लावलं. पण आमचं काम झालं होतं. दोन्ही बाजूंनी परवानगी आली होती.

त्यानंतर मी जशी खेळले तशी आजवर पुन्हा खेळले नाही. देवकी अंगावर आली ती वादळासारखी. मी टांग मारून तिला आडवी केली आणि अर्धा गुण फेडला. तिनं मला कडेला रेटत नेलं, माझं कोपर तिच्या ओठावर बसलं, रक्त आलं, पंचानं पुसायला लावलं, आम्ही पुन्हा भिडलो. श्वास पुरत नव्हता. लोक आता कुणाच्या बाजूनं ओरडत होते तेही कळत नव्हतं. आणि शेवटी शेवटी तिनं माझी बाही धरली, अंगठा आत दाबून, आणि डावी टाच आपटली.

तिलाही ढाक मारायला बंदी होती, हे मला नंतर कळलं.

तोड मला येत होती. मी बूड सोडलं, मिठी घातली, गुडघाही सरकवला. पण ती माझ्यापेक्षा वेगानं आत शिरली होती. छत फिरलं आणि मी पाठीवर, सपाट. वरून ती. माझ्या बरगडीत कडकन काहीतरी बोललं. पंचाचा हात सरळ वर गेला. पूर्ण गुण. संपलं.

वर्दी गेली. पुढच्या भरतीपर्यंत माझं वयही गेलं. वाईट वाटलं का? फार वाटलं. त्या गादीवर पडल्या पडल्या मी लहान पोरीसारखी रडले, आणि बरगडीमुळं नीट रडताही येईना.

मला इस्पितळात नेलं. देवकीच्या ओठाला टाके घालायचे होते म्हणून तीही त्याच गाडीत होती, गळ्यात पदक तसंच. एका खोलीत शेजारी शेजारी दोन खाटा. ती सुजल्या ओठानं म्हणाली, "मला वाटलं मामांनी मला विकली." ती सखारामला मामा म्हणायची. "टाकीकडं तुमच्या आबांशी बोलताना बघितलं मी. मग म्हणाले, ढाक मारू नको."

"तू कुठनं बघितलंस?"

"टाकीच्या ह्या बाजूला. तू त्या बाजूला होतीस?"

हसायचं नव्हतं तरी हसू आलं आणि बरगडीनं माझा जीव काढला. तेवढ्यात दोघं म्हातारे आत आले. आबांनी स्टूल ओढलं, सखारामला बसवलं आणि स्वतः माझ्या पायथ्याशी टेकले.  मग आबांनी चिकोडीची गोष्ट काढली, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची.

"हा शिकायला आला होता कोल्हापूरला," ते सखारामकडे बोट करून म्हणाले. "आमच्याच तालमीत राहायचा. एका ताटात जेवलेलो आमी. जत्रेवाल्यांनी ह्याला परदेशी म्हणून वाघ केलं आणि मला सांगितलं, वाघाला पाडायचं. वाघ कोण ते मला म्हाईत न्हाई, समोर कोण येणार ते ह्याला न्हाई. मातीत उतरलो, तोंड बघितलं, तर हा."

"परत फिरायचं," मी म्हटलं.

"फिरलो तर भ्याला म्हणणार. हात टाकला तर भावावर हात. मग उभं राहिलो. लोकांनी दगड मारलं, आणि मातीत उतरलाच कशाला म्हणून वस्तादांनी दोघांना तालमीबाहेर काढलं. हा बोटीत बसून घरी आला. मी गावी गेलो. त्यानंतर परवा हितं उतरल्यावर भेटलो, आणि वळख दाखवायची न्हाई असं ठरवलं."

"आणि आम्हाला का नाही सांगितलं?" देवकीनं विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमीबी उभ्या राहिला असता," सखारामकाका म्हणाले. "राहिलाच की. एका ढाकेत वळखलं एकमेकींना. म्हणून तर बंदी घातली होती."

"नाव काढून घ्यायचं म्हटलं," आबा म्हणाले, "जिल्ह्याला घेतो तसं. पण तुझी वर्दी होती, राजाक्का. आणि हिचा देश. कुणाचं काढायचं? शेवटी ठरवलं, नेम आपला हाय, आपल्याजवळ ठेवू. पोरींना मोकळं सोडू."

ते थांबले. मग पायरीवर बघितलं होतं तसंच माझ्याकडे बघितलं.

"तू काल मला एक इचारलं होतंस. मी म्हटलं, झाल्यावर तूच सांग. सांग आता. नुरा होती?"

माझी बरगडी मोडली होती, नोकरी गेली होती, आणि खाटेच्या पायथ्याशी बसलेला तो म्हातारा जन्मभर हा प्रश्न घेऊन हिंडत होता.

"खरी होती, आबा," मी हळूच म्हटलं.

"मोठ्यानं सांग. ह्याला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. जत्रेतला एक दगड तितंच बसला होता."

सखारामकाकांनी मान वाकडी केली आणि उजवा कान माझ्याकडे धरला. डोळे बारीक केले. मी बरगडी पुरेल तेवढा श्वास घेतला आणि अशी ओरडले की बाहेरची नर्स धावत आली.

"खरी होती!"

नर्स तोंडावर बोट ठेवून दारात उभी राहिली. काकांनी मान तशीच वाकडी ठेवली होती.

"परत एकदा म्हण," ते म्हणाले.